शिरगणतीत गळालेली माणसे
(एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



सुगीचे दिवस आहेत, कोणाची मळणी राहिली आहे, कोणाच्या भात्यापुढे विळे-खुरप्यांची रास पडली आहे, तरी आपण हातचे काम टाकून येथे आलात याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आज आम्ही ज्या माणसांविषयी बोलणार आहोत त्यांचे नाव निघताच कोणी तोंडाला पदर लावील, कोणी शेजाऱ्याला कोपर मारील. हसू आले तर हसून घ्या. पण बोलणे पुरते ऐका, आणि मग हसावयाचे की नाही ते तुम्हीच ठरवा.

विषय आहे तृतीयपंथी माणसांचा. बाजाराच्या दिवशी टाळी वाजवीत येणारे हिजडे तेवढे आपण पाहतो. पण तेवढेच नव्हेत. यल्लम्माच्या नावाने लुगडे नेसून परडी घेणारे जोगते आहेत. मुलगा म्हणून जन्मास येऊन आपण बाई आहोत असे ज्यांचे मन सांगते त्या आहेत. मुलगी म्हणून वाढविलेला, पण आपण पुरुष आहोत असे जाणणाराही आहे. तो तर कोणाच्याच नजरेस पडत नाही, कारण त्याचे लग्न लावून त्याला कधीच कोणाच्या तरी घरात ढकलून दिलेले असते. आणि आपण धड बाईही नाही आणि बुवाही नाही, या दोहोंच्या बाहेरचे आहोत, असे म्हणणारीही माणसे आहेत. ही सर्व माणसे कोणाच्या तरी पोटीच जन्मास आली. आकाशातून कोणी पडले नाही.

त्यांची मोजणी कशी होते, त्यांची माहिती कोण गोळा करतो आणि कोणाला विचारून, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या शिकलेल्या लोकांचा विषय, आम्हां शेतकऱ्यांस त्याचे काय? त्याचे उत्तर आधी तुमच्याच शेतातून देतो.

मोजणी चुकली म्हणजे काय होते हे शेतकऱ्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. पूर्वी तलाठी चावडीत बसून पीकपाणी लिहीत असे. तुमच्या रानात ज्वारी उभी, आणि कागदावर पडीक. पुढे दुष्काळ पडला, नुकसानीची मदत आली, की कागद पुढे येई. तुम्ही ओरडून सांगत होता की माझे पीक बुडाले, आणि साहेब सांगत होता की तुमचे पीक नव्हतेच. म्हणूनच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून आपल्या पिकाची नोंद आपण करावी, हे तिचे मर्म. तिच्यात अडचणी पुष्कळ आहेत, मोबाइलला रेंज नसते, फोटो चढत नाही. पण शेत ज्याचे त्यानेच सांगावे, हे तत्त्व बरोबर आहे असे तुम्ही सर्व जण मानता. मग शेताला जो न्याय लावता तो माणसाला का लावीत नाही?

आता आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. दुसऱ्याची चूक सांगताना जीभ सैल सुटते, म्हणून आधी आपली सांगितलेली बरी.

२०११ सालच्या फेब्रुवारी महिन्यात आम्ही शाळामास्तर या नात्याने शिरगणतीच्या कामावर होतो. पंचगंगेच्या काठच्या एका गावी एका घराच्या सोप्यात बसून आम्ही कागद भरीत होतो. घरचा कर्ता माणूस एकेक नाव सांगत होता. नावापुढे लिंगाचा रकाना होता: पुरुषाला १, बाईला २, आणि त्या वर्षी प्रथमच 'इतर' म्हणून ३. कर्त्याने धाकट्या भावाचे नाव सांगितले आणि तो थांबला. तो भाऊ जोगता होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. आम्हांसही ठाऊक होते. कर्ता खाली बघून म्हणाला, "लिवा की मास्तर, गडीच हाय त्यो." आम्ही १ लिहिला. एका मिनिटात काम झाले, चहा आला, तो पिऊन आम्ही पुढच्या घरी गेलो.

पाच-सहा महिन्यांनी बाजारात तो जोगता भेटला. राग नाही, तंटा नाही. हळूच म्हणाला, "मास्तर, त्या दिशी मी परड्यातच बसल्यालं की. समदं ऐकू आलं. माझं नाव लिवलंसा, पर मला इचारलं न्हाईसा."

बंधूंनो, त्या दिवशी आम्ही काही खोटे लिहिले नाही अशी आमची समजूत होती. कर्त्याने सांगितले ते लिहिले. पण सोपा आणि परडे यांच्यात दहा पावलांचे अंतर, आणि तेवढी पावले टाकण्याचे आमच्या मनातही आले नाही. कदाचित त्या माणसाने १ च सांगितला असता, कदाचित ३. ते आम्हांस आजही ठाऊक नाही. ज्याचे उत्तर त्याला प्रश्नच न विचारणे, ही आमची चूक. आणि या देशात अशा किती सोप्यांत किती मास्तरांनी ती केली असेल, हे मनात येते तेव्हा वाईट वाटते.

आता त्या शिरगणतीचा आकडा ऐका. १२१ कोटी माणसांत 'इतर' म्हणून ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली. महाराष्ट्रात ४०,८९१. म्हणजे देशात दर दहा हजारांत चार. त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश माणसे खेड्यांत राहणारी निघाली. हा शहरी थेरांचा विषय आहे असे जे म्हणतात त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. त्यांत सुमारे ७९ हजार माणसे अनुसूचित जातींची होती. म्हणजे एकाच खांद्यावर दोन जोखडे. आणि सहा वर्षांच्या आतली जवळजवळ ५५ हजार मुले होती. ही मुले काही स्वतः बोलली नाहीत. त्यांच्या आईबापांनी किंवा घरच्या वडीलधाऱ्यांनी ते सांगितले. ज्या आईने दारात उभे राहून आपल्या लेकराबद्दल असे लिहून दिले असेल, तिच्या काळजाचा विचार करा.

पण पुढे काय झाले? ही माणसे वेगळी मोजली खरी. परंतु शिरगणतीच्या बहुतेक तक्त्यांत त्यांची बेरीज पुरुषांच्याच रकान्यात मिळविली गेली. दूध वेगळ्या चरवीत काढून पुन्हा त्याच हंड्यात ओतावे तशातली ही गत. त्यांच्यापैकी किती जणांस पक्के घर आहे, किती जण मजुरीवर जगतात, हे त्या तक्त्यांतून कोणास उमगावे? एड्सच्या रोगावरील कामातही हेच घडले. फार वर्षे हिजड्यांची गणती पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या सदरात होत असे. ज्या आपल्याला बाई समजतात त्यांना पुरुष म्हणून मोजले, आणि मग त्या दवाखान्यात येत का नाहीत म्हणून सरकार डोके खाजवीत बसले.

येथे एक शंका येईल. कोणी म्हणेल, मोजले नाही तेच बरे. यादीत नाव गेले की मागे पोलीस लागतात. ही शंका खोटी नाही. यादी म्हणजे काय हे आमच्या रामोशी, बेरड, पारधी भावांना विचारा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथे त्यांची नावे, राहण्याचा पत्ता आणि मालमत्ता सरकारी वहीत चढविण्याची तजवीज होती. वहीत नाव असलेला माणूस बाईच्या वेषात रस्त्यावर दिसला किंवा नाचला-गायला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग. त्याने मूल दत्तक घ्यावयाचे नाही, मृत्युपत्र करावयाचे नाही. निजामाच्या हैद्राबाद संस्थानातही १३२९ फसली, म्हणजे १९१९ साली तसाच कायदा झाला, आणि आपला मराठवाडा त्या वेळी त्याच संस्थानात होता. तो कायदा घटनेविरुद्ध आहे असे तेलंगणाच्या हायकोर्टाने ठरविले ते २०२३ साली!

तेव्हा मोजणी ही दोन प्रकारची असते. एक धनगर आपली मेंढरे संध्याकाळी वाड्यात घेताना करतो. कोणी मागे राहिले काय, लांडग्याने नेले काय, हे पाहण्यासाठी. दुसरी खाटीक करतो. मेंढराला दोहोंतला फरक कळत नाही, पण माणसाला कळतो, आणि म्हणून तो उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. जो समाजाची माहिती गोळा करावयास निघाला आहे, मग तो सरकारी प्रगणक असो, कॉलेजातला संशोधक असो की एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता, त्याने आपण कोणत्या हेतूने मोजतो आहोत हे आधी सांगितले पाहिजे, आणि मग ते करूनही दाखविले पाहिजे.

बरे, विचारावे तरी कसे? या बाबतीत इतर देशांनी काय केले ते पाहू, कारण त्यांच्याही हातून चुका झाल्या आहेत. कॅनडा देशाने २०२१ च्या शिरगणतीत एकाचे दोन प्रश्न केले: जन्माच्या वेळी तुमची नोंद काय झाली, आणि आज तुम्ही स्वतःस काय समजता. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की आपोआप उलगडा होतो. कोणाला 'इतर' या अडगळीच्या खोलीत जावे लागत नाही. पंधरा वर्षांवरील सुमारे तीन कोटी पाच लक्ष लोकांत १,००,८१५ माणसे अशी निघाली, आणि त्यांतली ४१,३५५ स्त्री-पुरुष या दोहोंच्या बाहेरची. म्हणजे दर दहा हजारांत तेहतीस. आपल्याकडे चार, तेथे तेहतीस! तेथल्या मातीत अशी माणसे जास्त पिकतात काय? तसे मानण्यास आधार नाही. विचारण्याची रीत आणि सांगताना वाटणारी भीती, या दोहोंचा त्या फरकात मोठा हात असला पाहिजे.

त्याच वर्षी इंग्लंड व वेल्स येथेही प्रश्न विचारला गेला. पण तो असा गुंतागुंतीचा होता, की तुम्ही स्वतःस जे समजता ते जन्माच्या नोंदीशी जुळते काय, हो की नाही. २,६२,००० लोकांनी जुळत नाही असे लिहिले. पुढे ध्यानात आले, की ज्यांस इंग्रजी नीट येत नाही अशा काही लोकांनी प्रश्न न समजताच उत्तर दिले असावे. शेवटी २०२४ साली त्या आकड्यांचा पक्का दर्जा काढून घ्यावा लागला. एवढे पुढारलेले सरकार, आणि भाषेत अडखळले. मग आपल्या आजीबाईपुढे जर कोणी संस्कृतात घोळलेला किंवा इंग्रजीतून उचललेला प्रश्न टाकला तर काय होईल?

म्हणून शब्दाचा विचार फार करावा लागतो. 'हिजडा' हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो, पण गुरूच्या घराण्यात राहणाऱ्या कित्येकांस तो आपल्या परंपरेचा शब्द वाटतो. जोगत्याला हिजडा म्हटले तर तो मान्य करीलच असे नाही. शिकलेला तरुण ट्रान्सजेंडर म्हणेल, दुसरा तृतीयपंथी म्हणेल, तिसरा म्हणेल की पहिला पंथ कोणता आणि दुसरा कोणता हे ठरविले कोणी, की मी तिसरा झालो? तेव्हा शहाणा विचारणारा आपला शब्द दुसऱ्याच्या कपाळी मारीत नाही. "तुम्हांला काय म्हणू?" एवढे विचारतो, मिळेल ते उत्तर लिहून घेतो आणि त्याला एक मोकळी ओळ ठेवतो. आमच्या कोल्हापूरकडे बायाबापड्याही 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात. त्याने कोणाचे बाईपण बुडाले नाही. आपली बोली इतकी मोठ्या मनाची आहे, मग आपला फॉर्म एवढा कोत्या मनाचा का?

फॉर्ममधल्या एका रकान्याने माणसाचे काय होते त्याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक म्हणून गाव आहे. तेथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी बाईसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून अर्ज फेटाळला गेला. त्या औरंगाबादच्या खंडपीठापुढे गेल्या, आणि जानेवारी २०२१ मध्ये कोर्टाने सांगितले, की त्या स्वतःस बाई समजतात तर त्यांस बाई म्हणून उभे राहता येईल. त्यामागे सुप्रीम कोर्टाचा १५ एप्रिल २०१४ चा निवाडा होता. आपण कोण हे माणसाने स्वतः ठरवावयाचे, असे त्यात म्हटले होते. अंजलीताई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्याआधी २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावाने ज्ञानदेव ऊर्फ माउली कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच म्हणून निवडून दिले. म्हणजे खेड्यातला मतदार तयार होता. मागे होता तो कागद.

आता कोणी म्हणेल, एवढ्या थोड्या माणसांसाठी साऱ्या देशाचा कागद कशाला बदलावयाचा? असे बोलणाऱ्यास आम्ही एकच आठवण देतो. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे शिरगणतीतून प्रसिद्ध झाले नाहीत, आणि आपण कुणबी, माळी, साळी, कोष्टी, सुतार, लोहार पिढ्यान्‌पिढ्या ओरडत राहिलो की आम्हांस मोजा, आमची खरी संख्या बाहेर येऊ द्या. तेव्हा वरच्या ओळीत बसलेल्यांनी आपल्यालाही हेच ऐकविले: कशाला हवी मोजणी, त्याने काय होणार? सरकारने २०२५ साली जात मोजण्याचे ठरविले, आणि १ मार्च २०२७ ही शिरगणतीची तारीख धरली. आपली मागणी न्यायाची म्हणावयाची आणि दुसऱ्याची तीच मागणी थट्टेची, हे सत्याला धरून होईल काय?

पण केवळ उपदेश करून आम्ही बसणार नाही. प्रगणक दाराशी येईल, मग तो या शिरगणतीचा असो की पुढच्या एखाद्या पाहणीचा, तेव्हा आपण काय करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, घरातल्या प्रौढ माणसाबद्दल कर्त्याने परस्पर उत्तर देऊ नये. त्याला हाक मारावी, किंवा आधीच एकांतात विचारून ठेवावे की तुझ्याबद्दल काय सांगू. त्याने जे सांगितले तेच लिहवून घ्यावे, मग ते आपणांस रुचो वा न रुचो.

दुसरी, कोणावरही जबरदस्ती करू नये. ज्याने अजून कोणास सांगितले नाही त्याचे गुपित चारचौघांत फोडले तर त्याला मार बसेल, घर सुटेल, कदाचित जीवही जाईल. गप्प राहण्याचाही त्याला हक्क आहे. १९४८ च्या शिरगणती कायद्याप्रमाणे ही माहिती कोणास उघडून दाखविता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही, हे त्याला जरूर सांगा. पण उत्तर त्याच्यावर सोपवा.

तिसरी गोष्ट शिकलेल्या मंडळींसाठी. ज्या गावात असा एकच माणूस आहे त्या गावाच्या नावापुढे एकचा आकडा छापला, म्हणजे त्या माणसाचा दरवाजाच दाखविला. असा आकडा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बेरजेतच द्यावा. आणि प्रश्न तयार करताना, माहिती गोळा करताना, तिचा अर्थ लावताना त्या समाजातली माणसे बरोबर घ्यावीत, आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला द्यावा. आजवर विद्वान येतात, दोन तास बसवून नको ते विचारतात, पुस्तक छापून मोठे होतात, आणि सांगणाऱ्याच्या हाती चहाची रिकामी कपबशी राहते. शेतकऱ्यालाही हा अनुभव काही नवा नाही. म्हणून तुम्हीही विचारा: बाबा, या माहितीचे पुढे काय करणार, आणि ते आम्हांस सांगावयास परत कधी येणार?

आणि शेवटची गोष्ट आमच्यासारख्या मास्तरांसाठी, जे वही घेऊन दारोदार जातात. आपल्या हातात पेन आहे म्हणून सर्व काही आपल्याला ठाऊक आहे असे समजू नका. सोप्यात बसून कागद भरला म्हणजे काम लवकर उरकते. पण उठावे, मागच्या दारापर्यंत जावे, आणि तेथे बसलेल्या माणसाला नावाने हाक मारून नीट विचारावे.

तो जोगता आज या जगात नाही. त्याच्या नावापुढे आम्ही लिहिलेला १ सरकारी बेरजेत कोठे तरी पडला आहे, आणि तो आता आम्हांस पुसता येत नाही. तुमच्या गावात जो परड्यात बसला असेल, त्याला मात्र विचारता येईल. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.